नृसिंहरावांच्या नखांतली हळद

भेंडी चिरण्यावरून नवरा-बायकोचं वाजतं असं आमच्या अपार्टमेंटमध्ये एकच घर आहे, दुसऱ्या मजल्यावरचं, नृसिंहरावांचं. शोभावहिनींचं म्हणणं, पाव किलो भेंडीला पाऊण तास लागत नाही. नृसिंहरावांचं म्हणणं, तुकडे सारखे नसतील तर ते सारखे शिजतील कसे. ते तुकडे मी स्वतः पाहिलेत. एकदा गंमत म्हणून फूटपट्टी लावली तर एक तुकडा सूतभर मोठा निघाला. मी तो नेऊन नृसिंहरावांना दाखवला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मी राहतो पहिल्या मजल्यावर आणि तळमजल्यावर माझं फरसाणचं दुकान आहे. सावेडीतला हा रस्ता सकाळ-संध्याकाळ माझ्या समोरून जातो. कोण किती वाजता जिना उतरलं, कोणाच्या पिशवीत काय होतं, कोणाचा चेहरा कशामुळे पडला, ही माहिती मी जमवत नाही, ती आपोआप येते. त्यामुळे नृसिंहरावांबद्दल लिहायला माझ्याएवढा लायक माणूस दुसरा नाही, असं माझं मत आहे. त्यांचं मत वेगळं आहे.

नृसिंहरावांचे वडील नेवाशाला शाळेत कारकून होते आणि सकाळी चार यजमानांकडे पूजा सांगायचे. त्यांच्याकडून मुलाने दोन गोष्टी उचलल्या. अक्षर मोत्यासारखं आणि सगळ्या गोष्टी जिथल्या तिथे. चोविसाव्या वर्षी नृसिंहराव इथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून चिकटले आणि चौतीस वर्षं तिथेच राहिले. प्राध्यापक आले, गेले, कोणी पुण्याला गेले, कोणी अमेरिकेला. नृसिंहराव कपाटांच्या किल्ल्या सांभाळत राहिले. त्यांचं खरं कौशल्य काच कापण्यात. काचेच्या नळीवर पात्याने एक हलकी रेघ मारायची आणि दोन्ही हातांनी ओढायची. नळी टिक् करून तुटते आणि टोक आरशासारखं सपाट येतं. वाकडी तुटली की ते म्हणतात, “काच रडली.” त्यांच्या हातून काच फारशी रडत नाही.

आणि चौतीस वर्षांत एकही उपकरण त्यांच्या हातून बिघडलेलं नाही. हे मला कसं माहीत, तर ते त्यांनीच मला सांगितलंय. साधारण चारशे वेळा.

या ऑक्टोबरअखेर ते निवृत्त व्हायचे होते. कॉलेजने निरोपसमारंभासाठी मानपत्र लिहायला घेतलं आणि अक्षर चांगलं म्हणून ते लिहून काढायचं काम कोणाला दिलं असेल? खुद्द नृसिंहरावांनाच. मसुदा घेऊन ते माझ्या दुकानात आले होते. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “सूर्यभान, ही ओळ वाचा.”

ओळ होती, ‘चौतीस वर्षांच्या सेवेत त्यांच्या हातून एकही उपकरण बिघडले नाही.’

“छान आहे,” मी म्हणालो. “भेंडीचा उल्लेख राहिला.”

त्यांनी मसुदा घडी करून खिशात ठेवला. पण त्या ओळीवर त्यांचा किती जीव होता ते त्यांच्या बोटावरून मला कळलं होतं. ते बोट उचलायलाच तयार नव्हतं.

आता अश्विनीबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही लागणार नाही. अश्विनी पारनेर तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी, त्याच प्रयोगशाळेत वैजनाथ सरांच्या हाताखाली पीएचडी करते. तिच्या घरी पाच गायी. त्यातल्या एकीला ती कॉलेजात असताना कासदाह झाला, गावाकडे ज्याला दगडी म्हणतात तो. कास सुजून दगडासारखी झाली तेव्हा कळलं, आणि तोवर एक सड, म्हणजे आचळ, कायमचा बंद पडला होता. तेव्हापासून या मुलीच्या डोक्यात एकच. कास सुजायच्या आधी दुधातच हे कळलं पाहिजे.

ते कळतं कसं, हे तिने मला माझ्याच दुकानात भेळ खाताखाता समजावलं होतं. तिने मोबाईलवर एक फोटो दाखवला. मधोमध एक ठिपका आणि भोवती बारीक भोकंच भोकं.

“ही तर शेवेच्या सोऱ्याची चकती,” मी म्हणालो.

“काका, ही काचेची तार आहे. केसाएवढी जाड. ही तिची कापलेली बाजू, सूक्ष्मदर्शकातून.”

“केसाला एवढी भोकं?”

“आरपार. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधल्या भागातून प्रकाश जातो. आणि भोकांमध्ये दुधाची निवळी आपोआप चढते, चहात बिस्कीट बुडवल्यावर चहा चढतो तशी. भोकांच्या आतल्या भिंतीला आम्ही असा पदार्थ चिकटवून ठेवतो की आजारी गायीच्या दुधात जे प्रथिन वाढतं, तेवढंच तो धरून ठेवतो. बाकीचं वाहून जातं. मग त्यावर दुसरा एक रंग जातो, तो धरलेल्या प्रथिनालाच चिकटतो. निळा प्रकाश सोडला की हिरवा चमकतो. जेवढं हिरवं, तेवढा आजार.”

“आणि निरोगी गाय?”

“तिचंही थोडं येतं. पण थोडंच.”

मी तिला वर एक मूठ शेव घातली. एवढं नीट मला शाळेत कोणी समजावलं नव्हतं.

या तारेचं सगळं काम टोकावर अवलंबून. टोक सपाट तुटलं नाही तर प्रकाश आत नीट शिरत नाही आणि भोकं बुजतात. तार दुसऱ्या एका संस्थेने दिलेली, मोजून सहा मीटर. यंत्राने कापली तर भोकांजवळ चिरते. वैजनाथ सरांनी दहा तुकडे कापले, नऊ रडले. अश्विनीचे सहा रडले. मग नृसिंहरावांनी चष्मा पुसला, पातं हातात घेतलं आणि दहातले दहा सरळ काढले. तेव्हापासून निवृत्तीला सहा महिने राहिलेला माणूस विशीतल्या पोरासारखा जिना दोन-दोन पायऱ्या उतरायला लागला. शोभावहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, चौतीस वर्षांत घरी कॉलेजचा विषय नव्हता. आता जेवताना गायीची कास.”

संगमनेरच्या एका दूध संघाने अश्विनीला एक दिवस दिला होता, मंगळवार, दसऱ्यानंतरचा. तीस गायींचं दूध ते देणार. कोणती आजारी, कोणती धड, हे फक्त त्यांच्या डॉक्टरला माहीत. हिने तारेने ओळखायचं. जमलं तर संघ वर्षभर गोठ्यांवर दूध घेऊ देणार. नाही जमलं तर नाही, कारण संघाचे अध्यक्ष काकासाहेब यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, “बाई, आमच्याकडं रोज कोण ना कोण यंत्र घिऊन येतंय. एकदा बघू. दोनदा न्हाई.” अश्विनीच्या शिष्यवृत्तीची मुदत डिसेंबरात संपत होती आणि गोठ्यांचं काम मिळालं तरच ती वाढणार होती. गोठ्यातलं दूध मिळालं नाही तर तिचं काम तिथेच थांबणार होतं, आणि पुण्यातल्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र तिच्या बॅगेत होतं. ते तिने मला दाखवलं नाही. बॅग उघडी होती.

आता खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडे शेतकरी नांगर पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, मी सोऱ्या आणि कढई पुजतो. नृसिंहराव चौतीस वर्षं प्रयोगशाळा पुजत आलेत. भिंगं, तराजू, लंबक, सगळ्यांना हळदीकुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल. हळद शोभावहिनींची, घरी हळकुंडं कुटून केलेली. ती एकदा बोटाला लागली की चार दिवस हात धुवा, तुमचं लग्न नुकतंच झालंय असं वाटतं.

यंदा वैजनाथ सरांनी आधीच बजावलं होतं. “नृसिंहराव, लेझरच्या टेबलावर हळदीकुंकू नको. भिंगावर एक कण पडला तरी बोंब.”

“टेबलाला हात लावणार नाही,” नृसिंहराव म्हणाले.

आणि लावलाही नाही. शब्दाला पक्का माणूस. पण तारेचे तुकडे काही टेबलावर नव्हते. ते कपाटात, डबीत होते, नृसिंहरावांनी स्वतः कापलेले चाळीस तुकडे, चार-चार बोटं लांब. आयुष्यात हाताने केलेलं सगळ्यात नाजूक काम, आणि त्यालाच पूजेतून वगळायचं हे त्यांना बरं वाटेना. त्यांनी डबीच्या झाकणावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. डबी बंद होती. त्यात त्यांचं काय चुकलं?

चुकलं ते शुक्रवारी. दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळी त्यांनी सगळीकडची वाळकी फुलं उचलली, डबीवरची हळद बोटांनी झटकली, हात धुतले आणि कामाला बसले. तुकड्यांची टोकं स्पिरिटने पुसायची, मग अश्विनी त्यात तिचा पदार्थ भरणार. नृसिंहराव हे काम उघड्या हातांनी करायचे. हातमोजा घातला की काच बोटांशी बोलत नाही, म्हणायचे.

शनिवारी दुपारी अश्विनीने तीन तुकडे तपासायला घेतले. पहिल्यात आजारी गायीचं दूध. पडद्यावर आलेखाचा हिरवा डोंगर. बरोबर. दुसऱ्यात धड गायीचं दूध. तोही डोंगर, पहिल्याएवढाच. तिसऱ्यात तिने नुसतं पाणी घातलं.

पाण्यालाही दगडी झाली होती.

तिने आणखी दोन तुकडे घेतले, तेच. वैजनाथ सरांनी लेझर बंद करून चालू केला, तारा हलवून पाहिल्या, शेवटी म्हणाले, “प्रकाश मोजायचं यंत्रच गेलेलं दिसतंय. दुरुस्तीला पाठवावं लागेल. काकासाहेबांना फोन करून मंगळवार पुढे ढकलू.”

“ते ढकलणार नाहीत सर,” अश्विनी म्हणाली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

हे सगळं मला नृसिंहरावांनी संध्याकाळी सांगितलं. दुकानात आले तेव्हा चेहरा उतरलेला. नेहमीप्रमाणे पाव किलो पातळ पोह्यांचा चिवडा मागितला आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. काउंटरच्या वर माझा किडे मारायचा निळा दिवा आहे. त्याच्या उजेडात तेलातल्या हळदीमुळे चिवडा हिरवट पिवळा चमकतो. मला त्याचं कौतुक नाही, रोजचंच आहे. पण त्या दिवशी चिवड्याच्या परातीबाहेरही काहीतरी चमकत होतं.

“नृसिंहराव,” मी म्हणालो, “तुमची नखं माझ्या चिवड्यासारखी दिसायला लागली. सांभाळा, कोणीतरी पाव किलो मागेल.”

ते हसले नाहीत. त्यांनी हात उचलले, दिव्याजवळ नेले, उलटे केले, सुलटे केले. दहाही नखांच्या कडा काजव्यासारख्या पेटलेल्या.

“ही कसली चमक?” त्यांनी विचारलं.

“हळद. दुसरं काय? नृसिंह नाव ठेवलं म्हणून नखं थोडीच तेजस्वी होतात?”

“निळ्या उजेडात हळद हिरवी चमकते?”

“वीस वर्षं बघतोय.”

ते काउंटरवरून हळूच बाजूला झाले आणि माझ्या स्टुलावर बसले. हात धुतले तरी नखांत हळद राहिली होती. बोटावरून स्पिरिट टोकाकडे गेलं, स्पिरिटमध्ये हळद विरघळली, आणि ज्या भोकांत दूध आपोआप चढतं त्यांत ती मुकाट्याने चढून बसली. चाळीसच्या चाळीस तुकड्यांत. यंत्र ठणठणीत होतं. ते बिचारं खरं तेच सांगत होतं, आत हिरवं आहे म्हणून.

मी त्यांना मोकळ्या मनाने सल्ला दिला. “सर म्हणताहेत ना यंत्र बिघडलं? बिघडू द्या. महिनाअखेर तुमचा हार-नारळ होतोय. यंत्र दुरुस्तीला जाईल, तिथे धड निघेल, तोवर तुम्ही घरी भेंडी चिरत असाल. मी कोणाला सांगत नाही.”

यावर ते पहिल्यांदा हसले. “सूर्यभान, तुम्ही कोणाला सांगत नाही?”

एवढं बोलून ते गेले. चिवडा काउंटरवर तसाच राहिला. जिन्याकडे न वळता ते स्कूटरकडे गेले आणि स्कूटर कॉलेजच्या दिशेने गेली.

तिथे काय झालं ते मला अश्विनीकडून कळलं. सर फोन हातात घेऊन काकासाहेबांचा नंबर शोधत होते. नृसिंहराव दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “सर, फोन करू नका. यंत्र चांगलं आहे. तारा मी बिघडवल्यात.” मग हात पुढे केले. सरांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. “मी टेबलाला नको म्हणालो होतो.”

“टेबलाला नाही लावली सर.”

“नृसिंहराव, हा काय कोर्टातला मुद्दा आहे?”

 नृसिंहराव अश्विनीकडे वळून म्हणाले, “अश्विनी, बॉबिनवर अडीच मीटर तार शिल्लक आहे. पस्तीस तुकडे होतील. तुला तीस नमुने आणि एक पाण्याचा, एकतीस लागतील. मी उद्या कापून देतो.”

“आणि चारपेक्षा जास्त रडले तर काका?”

“तर तू मला जे म्हणायचं ते म्हण.”

“मी काय म्हणणार? माझी आजी तर बैलाला, ट्रॅक्टरला आणि टीव्हीला हळद लावते. तुम्ही निदान टीव्ही सोडला.”

रविवारी सकाळी शोभावहिनींनी नवऱ्याचे हात लिंबाने, डाळीच्या पिठाने आणि शेवटी भांडी घासायच्या काथ्याने घासले. नखं मुळापर्यंत कापली. हे ऐकताना कोणाला कळणार नाही, पण वार पाळणाऱ्या या माणसाने रविवारी नखं कापणं म्हणजे माझं दुकान उपवासाच्या दिवशी, साबुदाण्याच्या चिवड्याच्या ऐन विक्रीत, बंद राहण्यासारखं आहे. मग वहिनी खाली आल्या. “भाऊजी, तुमचा दिवा काढा. तिथे जाऊन हात तपासल्याशिवाय यांना तारेला हात लावू देऊ नका.”

मी दिवा काढला, पिशवीत घातला आणि वहिनींनी दिलेला जेवणाचा डबा घेऊन नृसिंहरावांच्या मागे कॉलेजात गेलो. वैजनाथ सरांनी दिवा पाहिला. “हे काय? माझ्या प्रयोगशाळेत किडे मारायचा दिवा?”

“हात तपासायला,” मी म्हणालो. “तुमचेही बघा.”

ते मला हाकलणारच होते, पण माणूस शास्त्रज्ञ आहे, हात पुढे गेलाच. सरांच्या उजव्या हाताची तीन बोटं लखलखीत. सकाळचे पोहे. अश्विनीने आपला हात धरला. तिचीही बोटं चमकली, थालीपीठ. मी माझा हात मुद्दामच धरला नाही. मी फरसाणवाला, खोली उजळली असती. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. आपण सगळी माणसं आतून-बाहेरून पिवळी आहोत हे इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. नृसिंहरावांचे घासून घासून लाल झालेले हातही कडेला मंद चमकत होतेच.

म्हणजे आता हातमोजाच.

पहिला तुकडा रडला. हातमोज्यातून त्यांना काच कळेना. दुसरा सरळ आला. तिसरा रडला. चौथाही रडला. चारांतले तीन गेले होते. आता उरलेल्या एकतीसपैकी फक्त एक वाया घालवायची मुभा होती. अश्विनीचा पेन टेबलावर टक टक वाजत होता. नृसिंहरावांनी पातं खाली ठेवलं. चष्मा पुसला. मग म्हणाले, “पंखा बंद करा. अश्विनी, पेन ठेव. आणि सूर्यभान, तुम्ही तोंड बंद ठेवा.”

“मी कुठे बोललो?”

“तुमचा श्वाससुद्धा बोलतो.”

मी तोंड मिटलं. खोली शांत झाली. त्यांनी पाचवी तार घेतली, रेघ मारली, कान टेबलाजवळ नेला आणि ओढली. टिक्. अगदी बारीक, मुंगीने चुटकी वाजवावी तसा आवाज. सूक्ष्मदर्शकाखाली अश्विनीने पाहिलं आणि मान डोलावली. बोटांना जे कळत नव्हतं ते आता ते कानाने ऐकत होते. रेघ पुरेशी असली की तार ओढताना आधी एक बारीक करकर येते, ती आली की थांबायचं नाही. आली नाही तर हात सैल करून पुन्हा रेघ. हे मला त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मी अडीच तास एक शब्द बोललो नाही, आणि आमच्या घरात यावर आजही कोणाचा विश्वास बसत नाही.

एकविसावा रडला. मुभा संपली. त्यानंतर पस्तिसाव्यापर्यंत एकही नाही. एकतीस तुकडे नवीन डबीत बसले. त्या डबीवर सरांनी काही बोलायच्या आतच नृसिंहरावांनी स्वतः लिहिलं, ‘नमस्कार लांबून करावा.’

सोमवारी कोजागिरी होती. गच्चीवर आमचं दूध उकळत होतं, नृसिंहराव आले नाहीत. अश्विनीने पाण्याचा तुकडा तपासला की ती फोन करणार होती. फोन आला तेव्हा ते जिन्यातून वर आले आणि म्हणाले, “पाणी बरं झालं.”

मंगळवारी त्यांना संगमनेरला मीच माझ्या व्हॅनमधून नेलं. यंत्राची पेटी मांडीवर घेऊन नृसिंहराव मागे बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला माझं नाव घेत होते.

दूध संघाच्या हॉलमध्ये तीस बाटल्या, आकडे घातलेल्या. काकासाहेब खुर्ची ओढून समोर बसले, हाताची घडी घालून. अश्विनीने दूध यंत्रात गरगर फिरवून साय आणि चोथा बाजूला केला, निवळी घेतली, एकेक तार बुडवायला सुरुवात केली. नृसिंहराव चिमट्याने तारा देत होते. पडद्यावर कधी डोंगर, कधी उंचवटा. तिने प्रत्येक आकड्यापुढे लिहिलं. सतराव्या बाटलीला ती थांबली. पडद्यावरची रेघ जमिनीसारखी सपाट.

“काय झालं?” काकासाहेबांनी विचारलं.

“ही गाय आजारी नाही,” अश्विनी म्हणाली.

“मग बरं हाय की.”

“निरोगी पण नाही. निरोगी गायीचं थोडं तरी येतं. ही गायच नाही, काकासाहेब.”

काकासाहेब कारखान्यातल्या भोंग्यासारखे हसले. बाजूच्या डॉक्टरला म्हणाले, “बघितलं का? ही सतरावी गाय डब्यातून निघती. पावडरचं दूध हाय ते. मागल्या यंत्रवाल्यानं तिला तीन दिवस औषध लिवून दिलं हुतं.”

मी नृसिंहरावांकडे पाहिलं. ते चिमटा उघडा धरून माझ्याकडेच बघत होते. हळदीची तार असती तर पावडरच्या डब्यालाही दगडी निघाली असती, हे त्यांच्या आणि माझ्या एकाच वेळी डोक्यात आलं होतं.

शेवटी डॉक्टरांनी यादी काढली. आजारी दहा होत्या, अश्विनीने नऊ ओळखल्या, एक सुटली. आणि एक जास्तीची निघाली. बाटली बाविसावी, मालनबाईंची चंद्री नावाची गाय. डॉक्टरांच्या यादीत ती धड होती.

“चंद्रीला काय धाड भरलीया?” काकासाहेब म्हणाले. “आज सकाळी आठ लिटर दिलं तिनं. कास लोण्यावानी मऊ.”

“दोन दिवस थांबा,” अश्विनी म्हणाली.

“थांबतो. पर तवर माझा हो बी न्हाई आन न्हाई बी न्हाई.”

परत येताना व्हॅनमध्ये कोणी बोललं नाही. म्हणजे मी बोललो, पण उत्तर कोणी दिलं नाही. बुधवार तसाच गेला. अश्विनी दुकानात आली, भेळ मागवली आणि तिखट-गोड न सांगता जी दिली ती खाऊन गेली. नृसिंहराव संध्याकाळी येऊन चिवड्याकडे बघत उभे राहिले. चंद्री आजारी पडावी असं म्हणता येत नाही आणि पडू नये असंही म्हणवत नाही, अशी त्यांची अवस्था होती. शोभावहिनी देवापुढे बसल्या होत्या. काय मागितलं असं मी विचारलं तर म्हणाल्या, “गायीला लवकर बरं वाटू दे. आजारी असेल तर.”

गुरुवारी सकाळी अश्विनीचा फोन वाजला तेव्हा ती माझ्या दुकानासमोरच रिक्षा शोधत होती. तिने स्पीकर लावला. काकासाहेब बोलत होते, मागे गाय हंबरत होती.

“बाई, तुज्या तारेनं सांगितलं ते खरं निगालं. एका सडाला गाठ हाय. डॉक्टरनी परवाच, तू गेल्यावर लगीच औषध चालू केलं हुतं, मी म्हनलं घालून ठेवा, नडत न्हाई. सड वाचंल म्हनतो. ही मालनबाई तुज्याशी बोलती.”

मग एक बाईचा आवाज, घाईघाईचा. “पोरी, चंद्री बरी व्हईल गं. येऊन जा एकदा, खरवस ठेवते. म्हणजे हिचा न्हाई, दुसरीचा.”

पुन्हा काकासाहेब. “सोमवारपासनं ये. वर्सभर कुठल्याबी गोठ्यात जा. आन ते तुजे म्हातारे, तारा देणारे, त्यांना बी आन. हात लई थिर हाय त्यांचा.”

अश्विनी फोन ठेवून तिथेच फुटपाथवर बसली. मग उठली आणि जिन्याने दोन-दोन पायऱ्या वर गेली. दुसऱ्या मजल्यावर नृसिंहरावांच्या दारात काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मी तिसऱ्या पायरीपर्यंतच पोचलो होतो.

महिनाअखेर निरोपसमारंभ झाला. सरांनी मानपत्र वाचायला घेतलं. पहिल्या दोन ओळी सांगायचं कारण नाही, सगळ्यांच्या मानपत्रात असतात त्याच. तिसऱ्या ओळीवर सर थबकले, कागद डोळ्यांजवळ नेला आणि वाचली. ‘चौतीस वर्षांच्या सेवेत, एका खंडेनवमीचा अपवाद सोडता, त्यांच्या हातून एकही उपकरण बिघडले नाही.’ अक्षर नृसिंहरावांचं. कोणाला न सांगता त्यांनी लिहून काढताना ते शब्द घातले होते. सभागृहात निम्म्या लोकांना काही कळलं नाही. अश्विनी मात्र टाळ्या वाजवत उठून उभी राहिली आणि मग सगळेच उठले. मीही उठलो. माझ्याकडे बघून नृसिंहरावांनी हळूच मान हलवली, बसा, जास्त नको.

आता ते निवृत्त आहेत, पण आठवड्यातून तीन दिवस अश्विनीच्या तारा कापायला जातात. नवीन तार आली आहे. जाण्याआधी सकाळी दुकानात येतात, काही घेत नाहीत, दोन्ही हात निळ्या दिव्याखाली धरतात, उलटे करतात, सुलटे करतात, आणि कुठे चमक दिसली तर वर जाऊन पुन्हा धुवून येतात. हे बघून पलीकडच्या बंगल्यातले दोन पेन्शनर आजोबा परवापासून तसंच करायला लागलेत. त्यांची समजूत आहे की हा सांधेदुखीवर काहीतरी उपचार आहे. काल एकाने मला विचारलं, किती वेळ धरायचे?

“नृसिंहराव धरतात तेवढाच,” मी म्हणालो. “आणि जाताना पाव किलो चिवडा घ्यायचा, त्याशिवाय गुण येत नाही.”